मे महिन्यातले 436 रुपये



आज सकाळी घरच्या सोयाबीनची उगवण मोजली. ओल्या पोत्यावर 100 दाणे ठेवले होते, 74 उगवले. सत्तरच्या वर आहेत, म्हणजे एकरी 30 किलो बियाणं पुरेल. गेल्या साली 64 आले होते, तेव्हा एकरी तीन किलो जास्त टाकलं. नांगरट झाली, शेणखत विस्कटून झालं, आता पावसाची वाट.

पेरणीच्या आधी आपण एवढं सगळं तपासतो. बियाणं तपासतो, माती तपासतो, चाड्याचं छिद्र तपासतो. घर मात्र तपासत नाही. आज त्यावर लिहितोय. पोस्ट लांब होईल, पण मे महिना संपायच्या आत वाचा. कारण पुढे कळेल.

ही गोष्ट माझ्या थोरल्या भावाची आहे. वहिनींना विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, "लिहा भाऊजी, कुणाच्या तरी कामाला येईल."

दादा गेले त्याला येत्या ऑगस्टमध्ये तीन वर्षं होतील. वय 47. पोळ्याच्या आधल्या आठवड्यात फवारणी करून आले, छातीत दुखायला लागलं, तालुक्याला पोचेपर्यंत संपलं. दहाव्यानंतर वहिनी, पुतण्या आणि मी पत्र्याची पेटी उघडून बसलो. दादा माझ्यापेक्षा हुशार शेतकरी होते. एकरी 11 क्विंटल सोयाबीन काढणारा माणूस. पण त्या पेटीत जे निघालं ते असं होतं.

एक, सोसायटीचं पीककर्ज 1 लाख 40 हजार. हे आम्हाला माहीत होतं.

दोन, वहिनींच्या पाटल्यांवर सोनेतारण 80 हजार. हे फक्त वहिनींना माहीत होतं.

तीन, एकाकडून घेतलेले हातउसने, शेकडा 3 रुपये महिना. हे कुणालाच माहीत नव्हतं. माणूस दारात आला तेव्हा कळलं.

चार, एका विमा पॉलिसीची पावती. 2021 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारावर गेलं होतं, आठवत असेल. दादांनी 18 क्विंटल घरात ठेवलं होतं. पैसा आला, त्याच आठवड्यात ओळखीचा एजंट आला. सहामाही हप्ता साडेबारा हजार. पहिला हप्ता ऑगस्टमध्ये भरला. दुसऱ्याची तारीख फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आपल्याकडे काय असतं? हरभरा रानात उभा असतो, खिशात काही नसतं. हप्ता चुकला, पॉलिसी बंद पडली. मिळालं शून्य.

पाच, बँकेचं पासबुक. त्यात तीन-चार वर्षं मे अखेरीला 330 रुपये कापल्याची नोंद. हा जीवनज्योती विमा. माणूस कशानेही गेला तरी वारसाला 2 लाख. आम्हाला जरा धीर आला. बँकेत गेलो. साहेबांनी पाहून सांगितलं, यंदा कापला गेला नाही. हप्ता 1 जून 2022 पासून 330 चा 436 झाला होता आणि मे अखेरीला दादांच्या खात्यात 392 रुपये होते.

44 रुपये कमी पडले. 2 लाख गेले.

मेसेज आला असेल तर तो जुन्या नंबरवर. तो नंबर बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचंही विचारलं. पण ती अपघाताची आहे. साप चावला, वीज पडली, शॉक लागला तर मिळते. हार्ट अटॅकला नाही.

त्या रात्री मी माझं पासबुक काढून पाहिलं. माझाही हप्ता कापला गेला नव्हता.

माझं मत

तेव्हापासून मनात पक्कं बसलंय ते सांगतो. शेतकऱ्याच्या घरात पैशाचं नियोजन नसतं असं नाही. पिकाचं नियोजन आपलं तोंडपाठ असतं. पण घराचंही वय असतं आणि त्या वयाप्रमाणे गरज बदलते, हे आपण धरत नाही. सोयाबीनला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाण्याचा ताण बसला तर नंतर कितीही पाणी द्या, उतारा जातो. घराचं तसंच आहे. ज्या वयात जे करायचं ते राहिलं, तर नंतर दुप्पट पैसा ओतून भरून निघत नाही.

दुसरं असं की पैशाचे सल्ले देणारे सगळे पगारदार माणूस डोळ्यासमोर ठेवून बोलतात. महिन्याला इतके टाका, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. आपल्याकडे महिना नसतो, हंगाम असतो. पैसा वर्षातून दोनदा येतो, दिवाळीला आणि होळीनंतर. त्यामुळे ज्या योजनेत ठराविक तारखेला ठराविक रक्कम भरावीच लागते, ती आपल्यासाठी धोक्याची. ज्यात वर्षभरात केव्हाही, जमेल तेवढं भरता येतं, ती आपली. दादांचं जे बुडालं ते तारखांमुळे बुडालं. हप्त्याची तारीख एक आणि पिकाची तारीख दुसरी.

आता वयाप्रमाणे बघू.

नवं घर: 25 ते 35

या वयात अंगात रग असते, जबाबदारी कमी वाटते. पहिला मोठा खर्च होतो तो ट्रॅक्टरवर किंवा गाडीवर.

आमचा पुतण्या आता 24 चा आहे. त्याला ट्रॅक्टर घ्यायचाय. मी त्याला वहीवर हिशेब मांडून दाखवला. 7 लाखांचं कर्ज, 12 टक्के व्याज, 5 वर्षांत सहामाही 10 हप्ते. एक हप्ता साधारण 95 हजार, वर्षाला 1 लाख 90 हजार. आमच्या दोन्ही घरांच्या 12 एकरांचं नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी असं भाड्याचं सगळं बिल गेल्या वर्षी झालं 58 हजार. म्हणजे उरलेले 1 लाख 32 हजार डिझेल आणि दुरुस्ती जाऊन दुसऱ्याच्या रानात कमवावे लागतील. गावात आधीच गल्लोगल्ली ट्रॅक्टर उभे आहेत.

त्याने हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाला, "काका, आकडा बरोबर आहे. पण दारात ट्रॅक्टर असला तर सोयरीक येते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही हे मला दिसतंय. पण हप्ते फेडताना तीच सून रडेल, हेही दिसतंय. अजून निर्णय झालेला नाही. तुमच्यापैकी कुणी या वळणावरून गेलं असेल तर लिहा.

या वयात माझ्या मते तीन कामं आधी करावीत. पहिलं, जीवनज्योती 436 आणि सुरक्षा विमा 20, दोन्ही मिळून 456 रुपये. जीवनज्योतीत वयाच्या 50 पर्यंत नाव घालता येतं. सुरक्षा विमा अपघाताचा, 18 ते 70 वयाला, 2 लाख. दुसरं, जमलं तर साधा मुदतीचा आयुर्विमा, ज्यात पैसे परत मिळत नाहीत पण थोड्या हप्त्यात मोठी रक्कम असते. शेतकऱ्याला यासाठी उत्पन्नाचा कागद मागतात, म्हणून मोंढ्यातल्या पट्ट्या जपून ठेवा. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, तरी रिटर्न भरलेलं कामाला येतं. तिसरं, 2 हेक्टरपर्यंत जमीन असेल आणि वय 40 च्या आत असेल तर किसान मानधन योजना. 29 व्या वर्षी नाव घातलं तर महिन्याला 100 रुपये, तेवढेच सरकार घालतं, साठीनंतर महिना 3,000. हा हप्ता पीएम किसानच्या पैशातून वळता करता येतो, म्हणजे तारीख चुकायची भीती नाही. 3,000 त्या वेळी कमीच वाटतील. पण आजच्या म्हाताऱ्यांना विचारा, हातात स्वतःचे 3,000 असले तर काय फरक पडतो.

लेकरं लहान: 35 ते 45

ह्या दहा वर्षांत घर स्थिर दिसतं आणि इथंच चूक होते. दोन चांगली सालं आली की आपण घर बांधायला काढतो, नाहीतर एजंटच्या तावडीत सापडतो.

मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर पोस्टात सुकन्या खातं काढा. मला ते का आवडतं सांगतो. वर्षाला कमीत कमी 250 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. चांगल्या साली 20 हजार टाका, दुष्काळात 250 टाका, कुणी विचारत नाही. 15 वर्षं भरायचं, 21 वर्षांनी पूर्ण होतं. मुलगी 18 ची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. सध्या व्याज 8.2 टक्के आहे. दर असाच राहिला तर वर्षाला 10 हजार भरून शेवटी पावणेपाच लाखांच्या वर होतात. दर बदलू शकतो, हे धरून चाला. मुलासाठी किंवा स्वतःसाठी पीपीएफ आहे, त्यालाही वर्षाला कमीत कमी 500 पुरतात.

या वयाची दुसरी मोठी गळती म्हणजे नवं-जुनं. मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज भरायला बाहेरून पैसे आणायचे, भरायचे, नवं कर्ज उचलून बाहेरचे परत करायचे. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे आपल्याला शून्य टक्क्याने पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दादांनी 1 लाख 40 हजार शेकडा 3 ने आणले होते. एका महिन्याचं व्याज 4,200. नवं कर्ज मिळायला दोन महिने लागले तर 8,400. म्हणजे शून्य टक्क्याचं कर्ज सहा टक्क्याला पडलं, आणि बाहेरचा माणूस उरलेल्या रकमेसाठी दारात उभा राहिला तो वेगळाच.

यावर उपाय एकच आणि तो कठीण आहे. एका हंगामाचा लागवड खर्च बँकेत बाजूला असणं. माझ्या 6 एकरांना खरिपाला साधारण सव्वा लाख लागतात. मला तो साठवायला तीन वर्षं लागली. दर पट्टीतून दहावा हिस्सा काढला आणि मुदत ठेवीत टाकला, पावती मंडळींच्या आणि माझ्या दोघांच्या नावाची. पगारदाराचा सहा महिन्यांचा खर्च तो आपला एका हंगामाचा खर्च, एवढं लक्षात ठेवा.

लेकरं मोठी: 45 ते 55

हा घराचा शेंगा भरायचा काळ. शिक्षण, लग्न आणि आई-वडिलांचं आजारपण, तिन्ही एकदम येतात. दादा नेमके याच काळात गेले.

माझ्या मुलीची यंदा बारावी झाली. तिला कृषी पदवीला जायचंय. घरात एक मत असं आहे की एवढा खर्च करण्यापेक्षा दोन वर्षांनी लग्नाला उपयोगी पडेल. मी स्पष्ट सांगितलं, शिक्षणाचा पैसा आणि लग्नाचा पैसा एका खिशात ठेवायचा नाही. शिक्षणाचा खर्च आधी, लग्न उरलेल्यात. शिवाय 2024-25 पासून राज्यात 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे. उत्पन्नाचा, जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते.

लग्नासाठी जमीन विकू नका, हे सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो की लग्नासाठी जमीन गहाण टाकताना मुलीला आणि मुलाला समोर बसवून आकडा सांगा. निम्मा खर्च तिथल्या तिथं कमी होतो. आमच्या भावकीत हे झालेलं मी पाहिलंय.

दवाखान्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान योजनेचं कार्ड सगळ्यांचं काढून ठेवा. 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात, पण यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या आजारांना. 70 च्या वरच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं. आमच्या आईचं काढलंय. कार्ड आजारी पडायच्या आधी काढायचं असतं.

साठीनंतर

एकच सांगतो. सगळी जमीन हयातीत पोरांच्या नावावर करू नका. वाटणी करा, पण एखादा एकर तरी स्वतःच्या आणि बायकोच्या नावावर ठेवा. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात सांभाळ करण्याची अट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर भांडण अवघड होतं. आपल्याला आपल्या पोरांबद्दल असं लिहून घ्यायची लाज वाटते. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघितलं की मला ती लाज परवडत नाही असं वाटतं.

कागद

दादा गेल्यावर वहिनींना सगळ्यात जास्त त्रास झाला तो कागदांचा. सातबारावर एकट्या दादांचं नाव. वारस म्हणून वहिनी, पुतण्या, पुतणी आणि आमची आई, चौघांची नावं लागली. अनेकांना माहीत नसतं, मुलगा गेला तर कायद्याने आईपण वारस असते. फेरफार मंजूर व्हायला वेळ गेला, तोपर्यंत नवं पीककर्ज नाही. त्या वर्षीची हरभऱ्याची पेरणी वहिनींनी उसनवारीवर केली. 2025 मध्ये राज्यात जिवंत सातबारा मोहीम राबवली गेली, तिच्यात मयत खातेदारांची नावं जाऊन वारसांची लागली. ज्यांचं अजून राहिलंय त्यांनी उशीर करू नका.

आणि बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसा येतो, हक्क वारसांचा असतो. म्हणून दोन्ही नीट हवं.

मी आता घरात एक शंभर पानी वही ठेवलीय. त्यात खाती, कर्जं, हातउसने, सोनेतारण, विमा, नॉमिनी, गट नंबर सगळं लिहिलंय. दर अक्षय्य तृतीयेला मी आणि मंडळी बसून दुरुस्त करतो. हातउसने लिहायला मला पहिल्या वर्षी फार जड गेलं. पण लिहिलं.

"उरतंच काय?"

हा प्रश्न येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. बरोबर आहे. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि मोंढ्यात माझी पट्टी 4,150 ने झाली. क्विंटलमागे 742 रुपये गेले. हा खड्डा कुठल्याही वहीने भरत नाही. शेतकऱ्याला बचत जमत नाही म्हणून तो कर्जात आहे असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन. भावाचा प्रश्न भावानेच सुटेल आणि त्यासाठी लढावंच लागेल.

पण दादांच्या खात्यात 44 रुपये कमी पडले ते भावामुळे नाही. त्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून बियाणं, खत आणि तणनाशकावर 90 हजार खर्च केले होते. मे महिन्यात सगळा पैसा रानाकडे जातो आणि नेमका तेव्हाच विम्याचा हप्ता कापला जातो. एवढी साधी गोष्ट कुणी सांगितली नाही आणि आमच्या लक्षात आली नाही.

कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मित्र हे पान वाचतात, त्यांना विनंती. मे महिन्यात गावोगावी उगवण क्षमतेचं प्रात्यक्षिक घेता, बीजप्रक्रिया दाखवता. त्याच बैठकीत शेवटची दोन मिनिटं घ्या आणि विचारा, खात्यात 500 रुपये ठेवलेत का? मोबाईल नंबर चालू आहे का?

तुम्हीपण आज-उद्या एवढं करा. पासबुक भरून आणा. 456 रुपये कापले जातील एवढी शिल्लक ठेवा, कापल्याची नोंद जूनमध्ये पुन्हा बघा. कापला गेला नसेल तर बँकेत जाऊन परत सुरू करता येतो, फक्त नव्याने सुरू केल्यावर पहिले 30 दिवस अपघात सोडून इतर कारणाने मृत्यू झाला तर रक्कम मिळत नाही. म्हणून वेळेवर केलेलं बरं.

वहिनींचा हप्ता मी कालच बघून आलो. कापला गेलाय. पुतण्याचं अजून व्हायचंय, त्याला उद्या बियाणं आणायला तालुक्याला जायचंच आहे, सोबत पासबुक दिलंय.

पाऊस 100 मिमी झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. पुढची पोस्ट बीजप्रक्रियेवर.